डबा खाली ठेवा

भेस्तानजवळच्या तबेल्यात मी रोज सकाळी दुधाला जातो. तिथं धारा काढणारा एक खानदेशी माणूस आहे. नाव मी कधी विचारलं नाही. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय तो धारेला बसत नाही आणि माझा डबा नेहमी हातातूनच घेतो.

एकदा मात्र लांबूनच म्हणाला, "भाऊ, डबा खाली ठेवा." मला रागच आला. आज हा कसला रुबाब?

मग त्याने हात दाखवले. दोन म्हशींच्या सडांवर फोड आले होते, तेच याच्या बोटांवर उतरले होते. धारा दुसराच कुणी काढत होता, हा फावड्याने शेण ओढत होता.

"हात लागला की होतं म्हणे," तो म्हणाला. "घरी आठ महिन्यांची पोर आहे. दारातूनच पाहतो तिले. भलती रडते. म्हशीले काय कळतं, भाऊ? मले तर कळतं ना."

त्यानंतर मी मुकाट्याने डबा खाली ठेवू लागलो.

काल तो स्वतःहून पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. बोटांवर आता फक्त फिकट वण होते.

डबा देताना मी विचारलं, "पोरीला घेतलं का?"

"परवाच घेतलं," तो हसला. "आता खाली ठेवूच देत नाही."