झटकू नकोस

कारखान्यात तिला सगळे कासवबाई म्हणत. लस भरण्याच्या निर्जंतुक खोलीत कसं शिरायचं, कसं उभं राहायचं, कसं चालायचं, हे ती बावीस वर्षं शिकवत होती. चालायचं म्हणजे पाण्याच्या तळाशी चालल्यासारखं. घाईत हललेल्या माणसाच्या अंगावरून धूळ उडते, ती डोळ्यांना दिसत नाही. कासवबाईला मात्र दिसत असावी. रस्त्यात कुणी धावत गेलं की ती त्याच्या मागच्या रिकाम्या हवेकडे बघत राही.

यंदाच्या तुकडीत तिची धाकटी भावजय होती. आठ वर्षं गोदामात खोकी उचलून तिच्या कमरेने हात टेकले होते. पोशाखाच्या परीक्षेला तीन संधी मिळत. दोन गेल्या होत्या. तिसरी गेली की पुन्हा खोकी.

परीक्षा दिसायला साधी. बंद खोलीत एकटीने पांढरा पोशाख चढवायचा. दाराबाहेर कासवबाई उभी. ती त्या पोशाखावर ठिकठिकाणी जंतूंचं खाद्य थापलेल्या लहान बशा टेकवी. बशा पाच दिवस उबेत ठेवायच्या. ठिपके उगवले की नापास. भावजयीच्या बशांत दोन्ही वेळा ते उगवले होते. पिवळसर, लांबच्या गावातल्या दिव्यांसारखे.

"वन्सं, बशी जरा हलकीच टेकवली तर?" भावजय म्हणाली. "घरचंच माणूस आहे."

"ज्या बाळाला ती लस टोचतील, तेही कुणाच्या तरी घरचंच."

"तुमच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं!"

"भिंत पास झालीय. रोज पुसून घेते ती."

सुट्टीच्या दिवशी कासवबाई भावाकडे गेली. भावजय दोरीवरचे कपडे काढत होती. एकेक कपडा हातात घ्यायची, फटकन झटकायची, मग घडी. उन्हात धूळ तरंगत होती. कासवबाईच्या हातातला चहा निवला.

"मागच्या परीक्षेला पोशाखाचं पाकीट फोडल्यावर काय केलंस?"

"घातला."

"त्याआधी?"

भावजयीचा हात शर्टासकट हवेत थांबला.

"झटकला," ती हळूच म्हणाली. "वर्गात लक्षात राहतं हो. एकटी असले की हात आपले आपण चालतात. आई म्हणायची, न झटकता कपडा घालू नये. विंचू-बिंचू असतो."

"बंद पाकिटात विंचू?"

दोघी हसल्या. मग भावजय एकदम रडली.

पुढचे आठ दिवस त्या घरात कपडा झटकला गेला नाही. झोपलेलं मूल उचलावं तसे कपडे दोरीवरून उतरत. "घरात कुणी आजारी आहे का?" भावाने विचारलं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या परीक्षेला कासवबाईने प्रत्येक बशी नेहमीसारखीच दाबून धरली. मनात दहा अंक मोजले. त्या पाच रात्री तिच्या स्वप्नात एक रिकामं शेत येत राहिलं, आणि ती त्याच्या बांधावर उभी राहून काही उगवू नये म्हणून वाट पाहत होती.

सहाव्या दिवशी बशा उजेडात धरल्या. कोऱ्या. सगळ्या कोऱ्या.

"काही उगवलं नाही म्हणून जन्मात पहिल्यांदा आनंद झाला," भावजय म्हणाली.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली. दोरीवरची मोठी चादर ओढून तिने दोन्ही हातांनी जीव खाऊन झटकली. सोनेरी धूळ उठली, हवेत रेंगाळली. कासवबाई शेजारीच होती. चादरीचं दुसरं टोक तिने हातात घेतलं.