बाबूजीचा लॅपटॉप तापायचा

"थांबा, त्याले थोडा दम खाऊ द्या."

असं म्हणून बाबूजी फाइलच्या पुठ्ठ्यानं लॅपटॉपला वारा घालायचे. तापानं फणफणलेल्या लेकराला घालावा तसा. समोर अर्ज लिहून घ्यायला आलेली माणसं उकिडवी बसलेली, वरून मे महिन्याचं ऊन, आणि हे मशीनला वारा घालून राह्यले. तुम्ही हसाल. आम्हीबी हसत होतो. सगळ्यात मोठ्यानं मीच.

बाबूजी आरमोरीच्या तहसिलीसमोर कडुनिंबाखाली बसायचे. एक टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकासाठी एक बाकडं. टाइपरायटरवर अर्ज लिहून देणारे असे लोक तुम्हीही पाहिले असतील, पण बाबूजीची गोष्ट वेगळी होती. अर्ज झाला की ते तो मोठ्यानं वाचून दाखवत आणि चष्म्यावरून पाहत विचारत, "तुमच्या मनातलं आलं काय?" नाही म्हटलं तर कागद काढून नवा लावत. तहसिलीत आमच्या मनातलं विचारणारा तेवढा एकच माणूस होता. आता तो तिथं बसत नाही.

मी मासोळीवाला. चौथीपर्यंत शिकलो, पण सही करतो. अंगठा आजवर कुठी लावला नाही. तलावाच्या मच्छीमार सोसायटीचा मी अध्यक्ष, म्हणून बाबूजी मला नावानं कधी बोलवत नसत. लांबूनच म्हणत, "या अध्यक्ष, आज कोणाशी भांडाचं हाय?"

मग रस्त्याच्या पलीकडे कॉम्प्युटरचं दुकान झालं. लोक तिकडे जाऊ लागले. बाबूजीची बायको आधीच गेलेली. पोरगी भद्रावतीला, तिथल्या कॉलनीत. ती म्हणे, बाबा, इकडे या. बाबूजी म्हणत, "तिथी मी काय करू? जावयाच्या घरी बसून पंखा पाहू? माझी जागा इथी हाय." शेवटी जावयानंच एक कोरा लॅपटॉप आणून दिला. टाइपरायटर गेला. साठीतला माणूस, पण महिनाभरात बोटं बसवली. कागद छापायचा तेवढा शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे.

आता माझी गोष्ट ऐका. टाइपरायटरखाली त्यांनी गोणपाटाची घडी ठेवली होती. सगळेच ठेवत, मशीन सरकत नाही, खडखड कमी होते. लॅपटॉप आला तोही त्याच फाटक्या गोणपाटावर. मला ते बरं दिसलं नाही. म्हटलं, "बाबूजी, घरी नवा पाहुणा आला तर त्याले बिना आसनाचं बसवता काय?" दुसऱ्या दिवशी मी नवी काळी घोंगडी नेली, चार घड्या केल्या आणि स्वतःच्या हातानं लॅपटॉपखाली घातली. बाबूजीनं तिच्यावरून हात फिरवला.

तेव्हापासून तो तापायला लागला. गोणपाटावर कोमट व्हायचा, आता तवा. दहा ओळी झाल्या की आतून घरघर, आणि एकदम डोळे मिटून घ्यायचा. लिहिलेलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. बाबूजी घाम पुसत आणि म्हणत, "ऊन हाय ना, त्याले सहन होत नाई." सावली हलली तसं टेबल हलवत. ओलं फडकं वर टांगून पाहिलं. माठाच्या शेजारी ठेवून पाहिलं. मी सल्ले देत होतो. मला सगळ्यातलं कळते असा माझा समज.

ते मशीन घेऊन दोनदा एसटीनं चंद्रपूरला गेले. दुकानदारानं काचेच्या काउंटरवर तासभर चालवलं. काही झालं नाही. वर म्हणाला, "काका, मशीनमध्ये खोट नाही. तुम्ही बटणं ठोकता फार. हा टाइपरायटर नाही."

हे बाबूजीच्या मनाला लागलं. त्या दिवसापासून ते बोटं अशी टेकवत, जसं झोपलेल्याला उठवायचं नाही. पहिलं जोराचं टाइपिंग गेलं. एकेक अक्षर, मग थांबणं, मग तळहात मशीनवर ठेवून ताप पाहणं. तरी ते बंद पडायचं. मग ते आपली बोटं पाहत बसायचे.

आमच्या तलावाच्या ठेक्याचा अर्ज द्यायचा शेवटचा दिवस होता. पाचच्या आत कागद आत गेला नाही तर तलाव बाहेरच्या ठेकेदाराला. तीन वाजल्यापासून आम्ही बसलो. अर्ज तीनदा अर्ध्यावर गेला. चार वाजून गेले. बाबूजीचे ओठ सुकले.

"अध्यक्ष," ते म्हणाले, "पलीकडे जा. दुकानात होऊन जाईल."

"नाई जात."

"तलाव जाईल ना बापा!"

"गेला तर गेला. तुम्ही लिवा."

हट्ट होता माझा, दुसरं काय. त्यांनी पुन्हा सुरू केलं आणि खालून जळते की काय हे पाहायला मी तो लॅपटॉप दोन्ही तळहातांवर उचलला. चटका बसला, पण ठेवला नाही. बाबूजी लिहीत राहिले. दहा ओळी झाल्या. पंधरा झाल्या. घरघर कमी झाली.

"ठेवू काय खाली?"

"नोका ठेवू! हलू बी नोका!"

तसाच वाकून उभा राहिलो. कंबर मोडली. तहसिलीचा शिपाई बाहेर येऊन म्हणे, "काऊन अध्यक्ष, टेबल झाले काय आज?" पाचला दहा कमी असताना कागद हातात आला. एवढ्या घाईतही बाबूजीनं विचारलंच, "मनातलं आलं काय?" तलाव राहिला.

बाबूजी गावभर सांगत फिरले, "अध्यक्षाच्या हाताले मासोळी लागते, तसं मशीनबी लागते." मी मिशीत हसत होतो. पण दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हातावर होतं तेव्हा खाली काय नव्हतं.

मी रोज थोडाच टेबल होणार होतो? पावसाळ्याच्या तोंडावर एक विधवा बाई निराधारच्या पगाराचा अर्ज घेऊन आली. तिचा कागद चारदा गेला. बाबूजी पुठ्ठ्यानं वारा घालून राह्यले, वारा घालून राह्यले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी. ती बाई बिचारी हळूच उठली. "राहू द्या बाबूजी. तुमची तब्येत बरी दिसत नाई." आणि रस्ता ओलांडून दुकानात गेली.

दुसऱ्या दिवशी बाबूजी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेबल गेलं, बाबूजी पोरीकडे भद्रावतीला.

वर्षभरानं एक साहेब मासोळीच्या बीजाची माहिती घ्यायला आमच्या घरी आले. त्यांनी लॅपटॉप काढला. मी खाटेवर गोधडी अंथरली, म्हटलं, इथी ठेवा. ते म्हणाले, "नको, नको. अंथरुणावर ठेवला की खालची भोकं बुजतात, गरम होऊन बंद पडतो. एखादी फळी द्या."

मी तो उलटा करून पाहिला. खाली बारीक चिरा. जन्मभर मासोळी धरणारा माणूस मी, कल्ले ओळखणार नाही? त्याचा श्वासच तिथून होता, आणि मी त्यावर चार घड्यांची घोंगडी दाबली होती.

सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. चंद्रपूर, तिथून भद्रावती. वाटभर मनात वाक्य जुळवत होतो: बाबूजी, तुमच्या हाताची चूक नोहती, माझी होती.

ते पलंगावर बसलेले. वाळले होते. मला पाहून उठले, पोरीला हाक मारली, "अवं, अध्यक्ष आले! हेच ते." जावयाच्या टेबलावर तोच लॅपटॉप चालू होता. बाबूजी म्हणाले, "दिवसभर चालवते तो. एक डाव बंद पडत नाई. म्हंजे हातात असते पाहा. माझे हात गेले, अध्यक्ष."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी उशीखालून घोंगडी काढली आणि पोरीला दाखवली. "चाळीस साल बसलो त्या झाडाखाली. लोकायनं पैसे देल्ले, चहा पाजला. पण माझ्या मशीनले आसन या एका माणसानं देल्लं."

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायला पाहिजे होतं? मला ठाऊक आहे काय बोलायला पाहिजे होतं. मी चहा पिलो.

मला सोडायला ते बसस्टँडपर्यंत आले. गाडी लागली होती. खिडकीच्या गजाला धरून त्यांनी विचारलं, "माह्या जाग्यावर कोण बसते आता?"

कडुनिंबाखाली आता उसाच्या रसाची गाडी लागत होती. गिऱ्हाइकाला बसायला बाकडंही बाबूजीचंच होतं.

"कोणीच नाई," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. "मंग पोळा झाला की येतो."

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीतून ओरडलो, "या बाबूजी. मी जागा धरून ठेवतो."