पांढरी राहिलेली गावं

शालूताई गेल्याचं सांगायला त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला, तेव्हा मी लोहाऱ्यातल्या माझ्या खोलीत संगणकापुढे बसलो होतो. सकाळी अंगणात भोवळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून मला एका जागी फार वेळ बसवत नाही. बसलो की त्यांचा एकच प्रश्न कानात येतो आणि मी उठून उगाच खोलीत येरझारा घालतो...

बोंडअळीने कापसाचा फडशा पाडला त्या वर्षांतली आमची ओळख. एका संस्थेसाठी मी नकाशे रंगवणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. वावरांत अळीचे पतंग पकडायचे सापळे लावलेले असत. गावोगावच्या बाया दर आठवड्याला त्यातले पतंग मोजत आणि महागाव तालुक्याच्या शालूताई एसटीने हिंडून ते आकडे गोळा करत. आकडे भरले की नकाशावरची गावं आपोआप रंगत: पतंग कमी असतील तर पिवळी, जास्त असतील तर लाल. ज्या गावाचा आकडाच आला नाही, ते पांढरं. हा रंग मी काही विचार करून निवडला नव्हता. कागद पांढरा, म्हणून रिकामं गाव पांढरं, एवढंच.

पहिल्याच हंगामात शालूताईंच्या माहेरच्या गावातली मोजणारी बाई तापाने आजारी पडली. तीन आठवडे आकडा आला नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या नकाशात भोवताली लाल गावं आणि मधोमध हे एक पांढरंशुभ्र. आमच्याकडे पांढरं म्हणजे फुटलेला कापूस, वर्षभराच्या मेहनतीचं चीज. लोक नकाशापुढे उभे राहून खूश झाले. ताईंचा भाऊ तर शेजारच्या गावात जाऊन साडूला चिडवून आला. बोंडं फोडून बघायची कोणाला गरज वाटली नाही. बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं, अळी आत असते. वेचणीला बाया वावरात शिरल्या तेव्हा अर्धी बोंडं उमललीच नव्हती.

ताई घडी केलेला नकाशा घेऊन थेट माझ्याकडे आल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

"भाऊ, हे पांढरं काहून ठेवलं?"

"मी नाही ठेवलं, ताई. ते आपोआप येतं."

"आपोआप कसं येईन? कोनीतरी ठेवलं असंनच ना."

मी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे 'माहिती नाही' असं छापलेलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "एवढं बारीक कोन वाचून राह्यलं? गावानं रंग पाह्यला."

त्यांच्यासमोर मी तेवढा एक नकाशा बदलून दिला. मूळ सॉफ्टवेअरला हात लावला नाही. ज्याला हवं तो सेटिंगमध्ये जाऊन रंग बदलेल, असं त्यांना ऐकवलं. "कोनी बदलत नाही भाऊ," त्या म्हणाल्या, "जे येते तेच खरं वाटते लोकायले." पुढच्या वर्षी नेर तालुक्यातल्या एका गावात हाच घोळ झाला, तेव्हाही मी सेटिंगचंच कारण पुढे केलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. दहावी शिकलेली बाई माझी चूक काढते, हे मला झोंबलं होतं. मग दर हंगामाच्या तोंडावर त्यांचा फोन यायचा, मी "करतो ताई" म्हणायचो आणि दुसऱ्या कामाला लागायचो. याची मला आज लाज वाटते.

ताई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सुजाताने मला मागच्या खोलीत नेलं. भिंतीला या हंगामाचा नकाशा टाचलेला होता. प्रत्येक पांढऱ्या गावात ताईंनी पेन्सिलीने तिरक्या रेघा मारल्या होत्या. जिथे स्वतः जाऊन आल्या, तिथल्या रेघा खोडून आकडा लिहिला होता. रेघा फक्त एका गावात उरल्या होत्या.

"इथं?" मी विचारलं.

"आई त्याच दिवशी जानार होती तिथं," सुजाता म्हणाली. "डबा भरून ठेवलता तिनं."

मला तिथे उभं राहवेना. बस विचारली, तर दोनची होती. त्याच बसने गेलो. इतकी वर्षं कापसाचे नकाशे काढले, पण बोंड कधी फोडलं नव्हतं. एका बाईने कसं फोडायचं ते दाखवलं आणि सहाव्या बोंडात गुलाबी अळी वळवळली. तिने लगेच आजूबाजूच्या वावरांत हाका मारल्या. मी बांधावरूनच सुजाताला फोन करून रेघा खोडायला सांगितल्या.

परत आल्यावर कपडेही न बदलता संगणक लावला आणि पांढऱ्याच्या जागी तिरक्या रेघा टाकल्या. आता कोणीही, कुठेही नकाशा उघडला तरी न मोजलेलं गाव तसंच दिसेल, कोणाला काही बदलावं लागणार नाही. या कामाला मला चार मिनिटं लागली. ताई त्यासाठी सहा वर्षं फोन करत होत्या.