बाकल्याच्या मोसमातली मुलं

वसंतात इराणमधल्या रश्तच्या बाजारात कोवळ्या बाकल्याच्या शेंगांचे ढीग लागत आणि दवाखान्यात पिवळी पडलेली मुलं येऊ लागत. तेहरानहून शिकून परतलेल्या डॉ. तूबा लंगरूदींनी ही गोष्ट पहिल्याच वर्षी हेरली. वरिष्ठ म्हणायचे, "कावीळ आहे, दुसरं काय!" बाईंना ते पटेना. कावीळ शेंगांचा मोसम बघून येते? आणि तीही बहुतेक मुलग्यांनाच? मुलानं काय खाल्लं, असं त्या प्रत्येक आईला विचारू लागल्या. उत्तर बहुधा एकच यायचं.

एका सकाळी शहरबानूनं आपल्या फरामर्जला आणलं. पोर पांढरंफटक, डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी.

"बाकला-भात खाल्ला, बाई. मागून मागून खाल्ला!"

रक्त चढवणं भाग होतं. मुलाचा मामा, समुद्रावरचा दणकट कोळी, बाही सारून पुढे आला.

"माझं घ्या. बैलासारखा आहे मी."

"लहानपणी कधी असे पिवळे पडला होतात?"

"एकदा. मरता मरता वाचलो म्हणे."

"मग तुमचं नको. वडिलांचं बघू."

"का? माझ्या रक्तात शेण कालवलंय?" मामा उसळला. "या काडीपैलवान मास्तर मेहुण्याचं चालतं, आणि माझं नाही?"

"तुमच्या आणि भाच्याच्या रक्तात एकच खोट असावी. ती आईकडून मुलाकडे येते, असा माझा अंदाज आहे. चुकला तर खुशाल शिव्या घाला. आज मात्र माझं ऐका."

मास्तरांचं रक्त जुळलं. बाई खाटेजवळून हलल्या नाहीत. दुपार कलताना पोराच्या ओठांवर रंग आला. दोन दिवसांनी शहरबानू बाटली खिडकीशी धरून ओरडली, "साफ झाली, बाई! बघा तरी, पाण्यासारखी!" मुलाची लघवी बघून इतकं खूश झालेलं माणूस दवाखान्यानं पाहिलं नव्हतं. बाई मात्र मटकन स्टुलावर बसल्या.

पुढे मामाचं रक्त तेहरानच्या प्रयोगशाळेत गेलं. तांबड्या पेशींना सांभाळणारा एक घटक त्यात फारच कमी निघाला. बाईंनी गावोगावच्या मुलांचं रक्त तपासलं, निबंध लिहिला. शेंगावाल्यांनी धंदा बुडवते म्हणून भर बाजारात त्यांचा उद्धार केला. त्या तिथंच उभ्या राहून सांगत, "शेंग वाईट नाही हो. काहींच्या रक्ताला सोसत नाही, एवढंच." हळूहळू आया मूल पोटात असतानाच तपासणीचं विचारायला येऊ लागल्या.

हे सगळं कानावर आल्यावर बाईंच्या म्हाताऱ्या आईनं एकदा चहा ओतता ओतता हात थांबवला. "मग आपला जमशीद गेला, तेव्हा त्याला कुणाची नजर नव्हती लागली?"

"नाही, आई. तोही शेंगा खाऊनच पिवळा पडला होता."

धाकट्या लेकाला शेजारच्या गौहरची नजर लागली, असं धरून तिनं तेव्हापासून गौहरशी अबोला धरला होता. आई खूप रडली. मग तोंड धुतलं, बाहेर जायची चादर डोक्यावरून घेतली आणि शेजारचं दार ठोठावलं.

"गौहर, उघड गं. मी आहे."

गौहरनं दार उघडलं आणि ती म्हणाली, "किती उशीर केलास! ये आत, चहा टाकते."