एक गुडघा डॉक्टरचा, एक माझा

गुडघ्यावर ती आधी उलटा हात ठेवायची. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते ना, तसा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, दोन-तीन क्षण तो हात तिथेच. मग म्हणायची, "गरम नाय. बस." आणि गुडघा गरम लागला, सुजून लाल झालेला दिसला, तर हात झटकून मोकळी. "हा माझ्याकडचा नाय. डॉक्टरकडं जा. आजच जा."

डहाणू रोडला स्टेशनजवळच्या एका औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. आमच्या दुकानाच्या पायरीखाली, बाजाराच्या दिवशी, ही कैनाड गावची मावशी गोणपाट टाकून बसायची. पुढ्यात निर्गुडीच्या पाल्याचा ढीग, एरंडाची पानं, आणि तीन-चार बाटल्यांत हिरवट तेल. म्हणजे आत आम्ही गुडघेदुखीच्या गोळ्या विकणार आणि दारात ती गुडघेदुखीचा पाला. मालकांनी पहिल्यांदा तिला उठायला सांगितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "शेट, तुमच्या गोळीनं ज्यांचं पोट जळतं ते माझ्याकडं येतात. माझ्याकडचे गरम गुडघे मी तुमच्याकडं पाठवते. उठू?" मालक हसले. त्यानंतर कुणी तिला उठवलं नाही.

तेल ती स्वतः काढायची. तिळाच्या तेलात पाल्याचा रस घालून मंद आचेवर आटवत राहायचं. झालं की नाही ते कळायला त्यात वात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, अजून आटव. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात ही परीक्षा नव्हती. मी तिला म्हटलं, "मावशी, हे कुणी शिकवलं?" तर म्हणाली, "सासूनं. आणि सासूला लई घाई असायची, म्हणून तिचं तेल तडतडायचं."

कुणी फार कौतुक करायला लागलं की तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पाला पाल्याचं काम करतो. देवाचं नाय."

मी घरी सांगितलेलं हे वाक्य सगळ्यात कमी मनावर घेतलं ते माझ्या आईनं.

आई तलासरीला राहते. सगळी नोकरी अंगणवाडीत, जमिनीवर मुलांबरोबर मांडी घालून गेली. गुडघे दुखायला लागले तेव्हा मीच मावशीचा पाला नेऊन दिला. पाण्यात उकळून शेक, रात्री तेल चोळून वर कोमट केलेलं एरंडाचं पान. आईला खरंच बरं वाटलं. दोन-तीन वर्षं चांगली गेली. मग उजवा गुडघा आतून झिजत गेला. पाय धनुष्यासारखा वाकला. आई बाजारात जायची थांबली, मग शेजारी, मग ओट्यावरही येईना. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, सांधा बदलावा लागेल. आईचं उत्तर एकच. "मावशीचा पाला आहे ना. तूच सांगतेस ना, साठी उलटली तरी ती डोंगर चढते."

मी औषधं विकणारी मुलगी. माझं कोण ऐकतंय!

आणि एका पावसाळ्यानंतर मावशी यायची बंद झाली. दोन बाजार गेले, तीन गेले. चौथ्या खेपेला आली ती काठी टेकत, आणि गोणपाट न टाकता सरळ दुकानात शिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाकावर बसली, लुगडं वर घेतलं आणि उजवा गुडघा माझ्यापुढे केला.

"गोळीवाले, तुझ्या डॉक्टरला हा दाखव. माझ्या हातात राहिला नाय."

मी तिला घेऊन गेले. एक्स-रेच्या फोटोत हाड हाडाला टेकलेलं दिसत होतं. तिनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, "तेलानं होईल?" डॉक्टर म्हणाले, "याचं नाही होणार. डावा अजून बरा आहे, तो सांभाळा." तिनं लुगडं गुडघ्यावर खाली ओढलं. मग म्हणाली, "कापा."

सरकारी योजनेतून मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. जाण्याआधी मी तिला हळूच सुचवलं, "मावशी, बाजारात सांगू नका. लेकीकडे गेले होते म्हणा. लोक म्हणतील, पालावालीचाच गुडघा गेला, हिचं तेल कशाला घ्या?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं.

"लपवू कशाला? चोरी केली?"

तीन-साडेतीन महिन्यांनी ती परत आली. आता मांडी घालता येत नव्हती, म्हणून उंच स्टूल आणलेलं. पायरीखाली बसली, दोन्ही गुडघे उघडे ठेवले. उजव्यावर गोमेसारखा लांब व्रण. येणारा-जाणारा थांबायचा. कुणी चिडवायचं, "काय मावशी, पाला संपला का?" ती एकेका गुडघ्यावर थाप मारून सांगायची, "हा डॉक्टरचा, हा माझा. दोघं मिळून मला चालवतात." लोक हसायचे आणि पाला घ्यायचे. पण आता ती प्रत्येकाला उभं करून पाय वाकलाय का ते बघायची. वाकलेला दिसला की पाला देण्याआधी म्हणायची, "फोटो काढलास?"

मी धीर करून आईची गोष्ट तिला सांगितली. तिनं ती ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं तलासरीला हजर.

आईनं तिला पहिल्यांदाच पाहिलं. मावशी खुर्चीवर बसली, आईच्या गुडघ्यावर उलटा हात ठेवला, मग आईचा हात धरून स्वतःच्या व्रणावर ठेवला.

"दुखलं?" आईनं विचारलं.

"दुखलं तर! पंधरा दिवस डॉक्टरला शिव्या घातल्या. मग महिनाभर व्यायामवालीला."

आई हसली. मग एकदम तिचे डोळे भरले. "इतकी वर्षं तुमच्या भरवशावर बसले मी. आधी का नाही सांगितलंत?"

मला वाटलं, मावशी आता आपलं ते पाल्याचं आणि देवाचं वाक्य ऐकवेल. तिनं ते ऐकवलं नाही. बाहेर कुणीतरी गुजरातीत भाजीचा भाव विचारत होतं. मग म्हणाली, "मला तरी कुठं ठाऊक होतं, बाई? तू माझ्या चालण्याच्या गोष्टी ऐकून थांबलीस. मी रोज माझ्याच गुडघ्याला फसवत होते. आपण दोघी चुकलो. मी सुधारले. आता तुझी पाळी."

"आणि पाला?"

"तो डाव्याला. टाक्यांवर मात्र काय बांधू नको हां. माझं नाव सांगून तर मुळीच नको."

आईचं ऑपरेशन झालं. व्यायामाच्या वेळी ती कुरकुर करायला लागली की मावशी फोनवरून दम द्यायची. मुलीचं न ऐकणारी माझी आई त्या फोनला "हो, हो" म्हणत पाय उचलायची.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेली. आदल्या दिवशीपर्यंत शेतात होती, सकाळी उठलीच नाही, असा सुनेचा निरोप आला. दहाव्याला आई म्हणाली, मी येणार. कैनाडला मावशीचा पाडा रस्त्यापासून आत आहे. रिक्षा शेवटच्या आंब्यापाशी थांबली. पुढे कापलेल्या भाताची खाचरं आणि त्यांमधून जाणारा अरुंद बांध.

मी हात पुढे केला. आईनं तो धरला नाही. पदर खोचला आणि माझ्यापुढे बांधावर चढली. वाटेत दोनदा थांबली. दमली असेल म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "दमले नाही गं. ती तसल्या गुडघ्यानं दर बाजाराला इथून यायची, ते बघतेय."