कोपऱ्यातली घोडी

माझ्या धाकट्या दिराला सगळे पॉलिश म्हणतात. गंज दिसला की त्याच्या खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा बाहेर आलाच. एकदा दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो, तर या पठ्ठ्याने समोरच्या खुर्चीचे पाय घासून चकाचक केले. डॉक्टरांनी आम्हाला नंबराआधीच आत घेतलं, ते काही प्रेमाने नाही. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता, म्हणून मी त्याला अरेतुरेच करते. फार रागावले तरच भाऊजी म्हणते, आणि मग तो घाबरतो.

तो कारखान्यात लेथवर काम करतो. जीव मात्र घरामागच्या शेडमध्ये, एका जुन्या जपानी गाडीत. स्पोर्ट्स कार, तीस वर्षांपूर्वीची. बुटकी, दोनच माणसांची. तिचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात, बटण दाबलं की वर येतात. त्यातला डावा आळशी, उजव्याच्या मागून सावकाश उठायचा. दोघा भावांनी ती भंगारातून ओढून आणली तेव्हा तिच्यात मांजर व्यालेली होती. सासूबाई म्हणाल्या, "गाडी दोघांची, घरात माणसं चार. बसणार कोण नि बघणार कोण?"

हे, म्हणजे माझे यजमान, तेव्हा बस चालवायचे. दिवसभर बस चालवून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडीखाली झोपतो, याला काय म्हणावं? पण दोघांची जोडी छान जमली होती. पॉलिशने कुठूनतरी त्या गाडीचं दुरुस्तीचं जपानी पुस्तक मिळवलं होतं. अक्षर एक कळायचं नाही, चित्रं बघून काम चालायचं. एखादं चित्र उलटं लावलेलं आहे की आपणच उलटे बसलोय, यावर वाद व्हायचे. मी चहा घेऊन गेले की दोघे एकदम गप्प बसायचे.

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर विसंबायचं नसतं. म्हणून दोन बाजूंना दोन लोखंडी तिवया लावतात. अशा तिवईला घोडी म्हणतात. गाडी जॅकवर तोललेली असते आणि घोडी दोन बोटं खाली, रिकामी उभी असते. जॅक खचला तर गाडी तिच्यावर येते. हे सगळं मला आज पाठ आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं.

त्या दिवशी दोघे नुकते जेवायला बसले होते. मागच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. त्यांच्या खाटेचा एक पाय मोडला होता आणि त्या कलंडून भिंतीला टेकल्या होत्या. आता ताटावरून कुणाला उठवायचं, म्हणून मीच शेडमध्ये गेले. गाडीचा मागचा भाग वर उचललेला होता आणि डाव्या बाजूला घोडी उभी होती. तिच्यावर काहीच टेकलेलं नव्हतं. म्हटलं, नुसतीच उभी आहे, खाटेखाली बरोबर बसेल. उचलली, नेली, बसवली. खाट पक्की झाली. जेवणं झाली की सांगू असं मनात होतं. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं आणि ते पुसता पुसता ही गोष्ट डोक्यातून गेली.

जेवून हे पुन्हा गाडीखाली गेले. पॉलिशची एक पद्धत होती, कुणी खाली जाण्याआधी तो दोन्ही हातांनी गाडी हलवून बघायचा. जेवणाआधी त्याने बघितलं होतं. जेवणानंतर बघितलं नाही. जॅक खचला, गाडी उजव्या घोडीवर आली आणि डावीकडे कलंडली. यांचा डावा पाय खाली सापडला.

मी यांचे कपडे न्यायला दवाखान्यातून घरी आले तेव्हा खाटेखालची घोडी दिसली. आणि मला कळलं. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी काय केलं ते सांगते. मागच्या अंगणातून चार विटा आणल्या, त्या खाटेखाली लावल्या, आणि घोडी शेडमध्ये नेऊन तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात ठेवली. का केलं? भीतीने केलं. दुसरं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

संध्याकाळी पॉलिश शेडमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी गेले तर तो त्या कोपऱ्यात फरशीवर बसला होता.

"वहिनी, मी डावी लावलीच नव्हती गं. मला वाटत होतं लावली."

मी म्हणाले, "होतं असं कधीकधी."

यांचा पाय राहिला, पण घोट्यातून मेला. क्लच दाबणं संपलं आणि बस सुटली. डेपोत बसल्या जागेचं काम मिळालं. दुसऱ्यांच्या बस किती वाजता सुटल्या ते लिहायचं. हे पॉलिशला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. जवळ घेतलंही नाही.

पॉलिश मात्र तेव्हापासून सगळंच हलवून बघायला लागला. शिडी, स्टूल, कपाट. सासूबाईंची खाट तर रोज, कामाला निघायच्या आधी. एकदा वाकून म्हणाला, "या विटा कुणी लावल्या? पक्क्या बसल्यात." सासूबाई म्हणाल्या, "लोखंडाचं बरं होतं." त्याला वाटलं, म्हातारी खाटेच्या मोडलेल्या पायाबद्दल बोलतेय. त्यानंतर दोन वर्षांनी त्या गेल्या, पण मला त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हणते. पण विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते, हेही मला माहीत आहे.

त्या गेल्यावर पॉलिशने गाडीवरचं कापड काढलं. आम्हाला वाटलं विकतोय. तो म्हणाला, "दादासाठी करतोय. पायाशिवाय चालेल अशी."

पुढची दोन वर्षं घरात तोच एक विषय. गिअरच्या दांड्यावर त्याने मोटरसायकलच्या क्लचसारखा खटका बसवला, हाताने दाबायचा. पहिला इतका जड झाला की दोन्ही हात लागले. मग स्टिअरिंग काय दाताने धरायचं? दुसरा हलका झाला, पण क्लच अर्धाच सुटायचा. तिसऱ्याला त्याने ब्रेकसारखी तेलाची नळी जोडली, त्यासाठी लेथवर सहा वेळा एकच भाग कापला आणि पाच वेळा फेकला. मग ब्रेक नवे केले, सीट उंच केली, दाराला आतून कडी लावली, यांना धरून बसता यावं म्हणून. सगळी गाडी नवी झाली, फक्त आळशी दिवा तसाच ठेवला. मुलगी बघायला चल म्हटलं तर म्हणायचा, "आधी दादाला चालवू दे." केस पिकले त्याचे. मी रोज चहा नेऊन द्यायचे आणि रोज ठरवायचे, आज सांगते. कप घेऊन परत यायचे.

गेल्या महिन्यात गाडी अंगणात आली. सकाळी पॉलिशने ती पुसली, चारही बाजूंनी हलवून बघितली आणि किल्ली यांच्यासमोर धरली.

"दादा, बस."

हे काठी टेकून उभे होते. किल्लीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नको."

"एक चक्कर. मी शेजारी बसतो."

"गाडी चांगली झालीय. पण पॉलिश, तुला घोडी लावल्याचं आठवत होतं, आणि ती कोपऱ्यात होती. उद्या ब्रेकचा नट आवळल्याचं आठवेल. तुझ्या हातावर मी जीव कसा टाकू? इतकी वर्षं बोललो नाही. आज तूच बोलायला लावलंस."

पॉलिशने मान हलवली. पटल्यासारखी. त्याने किल्ली मुठीत घेतली आणि खिशातून पॉलिशपेपर काढून ती घासायला लागला. नव्या किल्लीवर घासायला काही नव्हतं.

ते मला बघवलं नाही.

"त्याने लावली होती," मी म्हणाले. "मी काढली. आईंच्या खाटेखाली लावायला. तुम्ही जेवत होता." आणि मग न थांबता, "कोपऱ्यातही मीच ठेवली. नंतर."

मला वाटलं होतं पॉलिश ओरडेल. ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो शेडमध्ये गेला, कोपऱ्यातली घोडी घेऊन आला, अंगणात ठेवली आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी लावली होती." पुन्हा म्हणाला, "दादा, मी लावली होती." आणि तो रडता रडता हसायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. माझ्या जिवाची लाज वाटली मला.

यांनी त्याच्या हातातून किल्ली घेतली, कडी धरून आत बसले. पॉलिश दुसऱ्या बाजूने बसला. यांनी बटण दाबलं, दिवे वर आले, उजवा आधी, डावा मागून; मग खटका दाबून गाडी काढली. फाटकापाशी वळताना यांनी सवयीने इंडिकेटर दिला तर वायपर हलला, या गाडीत दांडे उलटे आहेत. आत दोघे हसल्याचं मला ऐकू आलं. दोनच माणसांची गाडी ती. मी अंगणात घोडीपाशी उभी राहिले.

तासाभराने परत आले. पॉलिश उड्या मारत हात धुवायला आत गेला. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"काढलीस ते समजू शकतो," हे म्हणाले. "परत ठेवलीस, ते काय होतं?"

गाडी बुटकी, उतरताना यांना आधार लागतो. मी हात पुढे केला. माझ्या हाताकडे बघून यांनी घराकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"पॉलिश, ये रे. मला बाहेर काढ."