जपानची बादली आणि नानांचं कुंड

आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांचे किस्से जमवायला काही कष्ट पडत नाहीत. ओटीवर बसायचं, तोंड बंद ठेवायचं, की ते आपल्या पायांनी चालत येतात. माझी अडचण एवढीच, की मला तोंड बंद ठेवता येत नाही. मॅट्रिकच्या वर्षी मास्तरांना "हे गणित तुम्हालाच समजलेलं नाही" असं भर वर्गात सांगून मी शाळा सोडली. तेव्हापासून अख्खं ठाणं मला वाया गेलेला पोरगा म्हणून ओळखतं.

त्यात मी जपानला जाऊन आलो. मुंबईच्या एका रुईच्या व्यापाऱ्याला गासड्यांबरोबर कोबे बंदरात पाठवायला कारकून हवा होता. इंग्रजी येणारा, आणि घरी कुणी फारसं न विचारणारा. दोन्हींत मी पास! आठ महिन्यांनी आगबोटीने परत आलो, तर नौपाड्यातल्या घरी माझं पान बाहेर पडवीत, एकट्याचं. हुकूम थोरल्या काकांचा, म्हणजे नानांचा. नाना कलेक्टर कचेरीतले पेन्शनर शिरस्तेदार. कचेरी सुटली, हुकूम सुटले नाहीत.

मला वाढायला यायची फक्त यमुआत्या. नानांची धाकटी बहीण, अकराव्या वर्षी विधवा झालेली. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. गुडघे असे सुजलेले, की खाली बसली की उठताना भिंत धरते. पण जपानची एक गोष्ट ऐकायला ती रोज पडवीत येऊन बसायची.

"ते गरम पाण्याचं सांग रे."

* * *

तर ते गरम पाण्याचं असं. कोबेच्या मागे डोंगरात एक गाव आहे, तिथे जमिनीतून कढत पाणी येतं, गेरूच्या रंगाचं. आमच्या वखारीतला एक जपानी कारकून मला तिथे घेऊन गेलेला. लाकडी घर, आत मोठा हौद, वाफच वाफ. मी कपडे उतरवले, जानवं नीट केलं आणि सरळ पाण्यात पाय घालायला निघालो.

तेवढ्यात हौदाची राखण करणारी एक म्हातारी धावत आली. दात काळे केलेले, पाठ वाकलेली. तिने माझं मनगट धरून मला मागे ओढलं, हातात लाकडी बादली दिली आणि खुणेने सांगितलं, आधी अंग धू. मी दोन तांबे भसाभसा ओतले आणि पुन्हा निघालो. पुन्हा मनगट! तिने माझ्या कानांमागे बोट दाखवलं. मग मानेवर. मग टाचांवर.

जपानी कारकून इंग्रजीत म्हणाला, "इथे राजा आला तरी आधी बाहेर धुतो. आतलं पाणी सगळ्यांचं आहे."

मी, रोज पहाटे संध्या करणारा, तिथे उकिडवा बसून टाचा घासत होतो. अंगाची लाही लाही झालेली. आणि खरं सांगतो, मळ निघाला.

* * *

ही गोष्ट मी आळीत सांगितली आणि चूक केली. समुद्र ओलांडला, ते आळीने थोडंफार गिळलं असतं. परक्यांच्या हौदात बसलो, तेही. पण नाना ज्यावरून उठून उभे राहिले ते वेगळंच होतं.

"तिने तुला मळका म्हटलं?"

"म्हटलं नाही नाना, दाखवला."

"आणि तू धुतलंस? म्हणजे कबूल केलंस! सात पिढ्यांत आपल्याला कुणी अंग धुवायला सांगितलेलं नाही!"

ते मात्र शंभर टक्के खरं आहे.

* * *

सगळ्यांसमोर माझ्या सावलीलाही उभे न राहणारे हे लोक, एकटे सापडले की काय करत? माडीवरचे भाऊसाहेब, वय पासष्ट, एकदा विहिरीमागे मला गाठून हळूच म्हणाले, "काय रे, त्या हौदात बायका पण असतात म्हणे?"

"असतात ना."

"एकाच पाण्यात?"

"त्या गावात तरी होत्या."

भाऊसाहेबांनी उपरणं सावरलं. "कशा होत्या?"

"तुमच्या वयाच्या."

त्यानंतर भाऊसाहेब प्रायश्चित्ताचा आग्रह धरणाऱ्यांत सर्वांत पुढे!

* * *

प्रायश्चित्ताचा निर्णय द्यायला कल्याणहून शास्त्रीबुवांना आणवलं. रेल्वेने आले, स्टेशनातून घरी येऊन आधी स्वतः आंघोळ केली, मग पोथी उघडून माझी उलटतपासणी सुरू केली.

"पाणी साचलेलं की वाहतं?"

"एकीकडून येत होतं, एकीकडून जात होतं."

"वाहतं. मग दोष निम्मा." आळीने हुश्श केलं. "उष्णता चुलीची की भूमीची?"

"भूमीची."

"मग आणखी उणा." त्यांनी पोथी मिटली. मुंडन, पंचगव्य, तीन दिवस उपास, एवढ्यावर भागतं म्हणाले. एका थेंबाला न शिवता त्यांनी जपानचं पाणी निम्मंअधिक शुद्ध करून टाकलं होतं.

जाताना दिंडीदरवाजात थांबून त्यांनी मला विचारलं, "कंबर दुखायची राहते का रे त्याने?"

* * *

मी मुंडन करणार नव्हतो. शपथ! त्या म्हातारीने माझ्या टाचांचा मळ काढला, या लोकांना माझ्या डोक्यातलं काढायचं होतं. पण आत्याने मला अडकवलं.

वज्रेश्वरीजवळ नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. दर थंडीत नाना आळीतले आठदहा पुरुष घेऊन बैलगाड्यांनी तिकडे जातात, तीन दिवस पाण्यात बसून येतात. शिदोरी बांधून देते आत्या. तीस वर्षं बांधते आहे. आणि गुडघे कुणाचे सुजलेले?

मी आत्याला सांगितलेलं, की त्या जपानी हौदात एक आजी दोन लेकींच्या खांद्यावर आलेली आणि परत जाताना एक काठी पुरली. आत्या म्हणाली, "मला एकदा नेशील का रे तशा पाण्यात? मेल्ये तरी चालेल, पण आधी एकदा उभी राहून बघत्ये."

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी तडक नानांकडे गेलो. "मी मुंडन करतो. गोमूत्र पितो. तुम्ही म्हणाल ते गिळतो. यंदा आत्या कुंडावर येणार."

नानांनी विचार केला. बहिणीच्या गुडघ्यांचा नव्हे. नेहमीचा आचारी तापाने पडला होता!

"येऊ दे," म्हणाले, "तिथे सैंपाकाला कुणी तरी हवंच."

मी डोकं खाली घातलं. वस्तरा फिरत होता आणि नाना समोर बसून सुपारी कातरत होते.

* * *

खाडी ओलांडताना तरीत शास्त्रीबुवाही होते. कंबर! नाना वाटभर मला सुनावत होते, की खाऱ्या पाण्यावरून परदेशी जाणं म्हणजे काय पातक. तर वल्हवणारा चेंदणीचा म्हातारा कोळी वल्हं न थांबवता म्हणाला, "नाना, ह्यो पानी बी दर्याचाच हाय. भरतीला आत येतंय. पराचित कुठनं धरायचा, ह्या काठापासनं का त्या?"

सगळे शास्त्रीबुवांकडे बघायला लागले. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून जप सुरू केला. पलीकडचा काठ लागेपर्यंत तो संपला नाही.

* * *

आता कुंडावरचं.

तिथे वरचं मोठं कुंड पुरुषांचं, चांगलं कढत. त्यातलं पाणी ओघळून खाली येतं ते बायकांचं. म्हणजे आमचे लोक वर जे करतील ते बायकांनी खाली अंगावर घ्यायचं, आणि तेही कोमट! आणि आमचे लोक वर काय करतात ते मी तीन दिवस पाहिलं. भाऊसाहेब पाण्यातच धोतर आपटून धूत होते. कुणी चिलीम विझवली. नाना तंबाखू मळून तोंडात टाकत आणि गुळण्या करून तिथल्या तिथे थुंकत. बाहेर एक तांब्या अंगावर घेऊन आत उतरलेला माणूस मी पाहिला नाही.

पहिल्या दिवशी आत्या निघाली, तर नाना म्हणाले, "आधी सैंपाक." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आधी पुरुषांचं होऊ दे. ओल्या कपड्यांत तू समोरून गेलीस तर आमचा दिवस जायचा." पुरुषांचं दिवेलागणीपर्यंत होईना. आत्या चुलीपाशी बसून राहिली. माझं टकलं डोकं तापलेलं. मी भांडायला उठलो की ती माझा हात धरायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी सांगितलं, जेवलं की गाड्या जुंपा. आणि सगळे पुन्हा वरच्या कुंडात जाऊन बसले.

आत्याने चुलीतली लाकडं मागे ओढली. विचारलं, "क्रम कसा म्हणालास रे? आधी टाचा का आधी मान?"

"कान, मान, टाचा."

वरच्या कुंडाच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ती दगडावर बसली. विधवेचं तांबडं आलवण अंगावर, बोडकं डोकं उघडं, शेजारी चार घागरी, त्या मीच भरून आणलेल्या. तिने कान घासले. मान घासली. डोकं घासलं. टाचा खापरीने घासल्या, एक एक करून, घाई न करता. कुंडातली डोकी एकेक करून तिच्याकडे वळली.

मग माझा हात धरून ती उठली, पायऱ्यांपाशी माझा हात सोडला, कडेचा दगड धरला आणि उतरायला लागली.

"यमे!" नाना ओरडले. "पुरुषांचं कुंड आहे हे! पाणी बाटवशील!"

ती दुसऱ्या पायरीवर. भाऊसाहेब धोतर घेऊन कोपऱ्यात सरकले.

"शास्त्रीबुवा, अहो बोला ना काही तरी!"

शास्त्रीबुवा गळ्यापर्यंत पाण्यात होते. त्यांनी एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा नानांच्या तोंडासमोर तरंगणाऱ्या तंबाखूकडे.

"पाणी वाहतं आहे, नाना," ते म्हणाले.

आत्या शेवटची पायरी उतरून पाण्यात बसली. गळ्यापर्यंत. डोळे मिटले. मग एक डोळा उघडून भावाकडे बघत म्हणाली,

"मी धुऊन आल्ये हो. तुम्ही?"